मागच्या चाकांचा गोंद

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय खुशालरावजी, व्यासपीठावर अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती आणि माझे मित्र अब्दुल गफ्फारभाई, वर बसायला नको म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसलेल्या हाजराभाभी, खास अकोल्याहून आलेल्या त्यांच्या कन्या निखत मॅडम आणि नात अलीझा, आमच्या ‘सुटे भाग मंडळा’चे अकराच्या अकरा सभासद, वाचनालयाचे पदाधिकारी, आणि रविवारची दुपारची झोप सोडून इथे आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

तेहतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. साठ-साठ पोरांसमोर उभा राहिलो, कधी भाषण लिहून आणलं नाही. आज आणलंय. सूत्रसंचालन करणाऱ्या वर्षालीनं मला दहा मिनिटं दिली आहेत. चार वाजता आपल्या भागाचं भारनियमन सुरू होईल, माइक बंद पडेल, पंखा थांबेल. आणि लेकीकडे अकोल्याला कायमचे राहायला निघालेल्या गफ्फारभाईंना बडनेऱ्याहून साडेपाचची गाडी पकडायची आहे. म्हणजे घाई सगळ्यांनाच आहे. मला सगळ्यांत जास्त आहे. माझ्या खिशात दोन कागद आहेत. एक भाषणाचा. दुसरा कशाचा, ते सांगतो. थोडं पाणी पितो आणि सांगतो.

वर्षालीनं मघाशी जाहीर केलं की कार्यक्रमाच्या शेवटी गफ्फारभाई आपली हत्यारांची पेटी माझ्या स्वाधीन करणार आहेत. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्या चालू असताना मला खुर्चीत बसवेना, म्हणून मी उगाच उठून खिडकी लावून आलो. ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी गैरसमज करून घेऊ नये, वारा वगैरे काही नव्हता.

असो. इथे काही मंडळी केवळ पत्रिका बघून आली आहेत. पत्रिकेत लिहिलंय, ‘छोट्या मोटारींचे पुनरुज्जीवक’. हा शब्द माझाच. मास्तर माणसाला पत्रिका लिहायला दिली की असे शब्द येतात. तर हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं.

साल त्र्याऐंशी. आज इथे अध्यक्षस्थानी बसलेल्या खुशालरावांचं तेव्हा खेळण्यांचं दुकान होतं. ते मुंबईला गेले आणि बंदरावरच्या लिलावातून खोक्यांचा एक ढीग घेऊन आले. दोनशे चाळीस खोकी. प्रत्येक खोक्यात एका मोटारीचे सुटे भाग. प्लॅस्टिकचे, बोटभर, नखभर, काही तर जिऱ्याएवढे. खोक्यावर देखणी लाल मोटार छापलेली आणि आत लिपी अशी, की एक अक्षर कोणाला लागेना. भाग सोडवायचे, गोंदानं जोडायचे, रंग द्यायचा, की टीचभर मोटार तयार. अमरावतीत तोवर असलं काही आलंच नव्हतं. हातोहात खपली. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, पार अकोल्यापर्यंत पोचली.

आणि लोकांनी ती जोडली कशी? सभागृह माफ करो, भयानक जोडली! काचेवर गोंदाचे ठसे. दारं उलटी. स्टिअरिंग मागच्या सीटवर. एका महाभागानं तर बायकोच्या नखांना लावायच्या रंगानं अख्खी गाडी रंगवली होती, तो रंग सोलायला आम्हाला तीन रविवार लागले. तुम्ही हसताय. हसा. पण या सगळ्या गाड्यांमध्ये एक दोष समान होता. एकाही गाडीची चाकं फिरत नव्हती. चारही चाकं गोंदानं घट्ट. मुलं ती गाडी दोन दिवस जमिनीवर फरफटवत, मग कंटाळत, आणि गाडी माळ्यावर जाई. हा दोष लक्षात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे. यायचंच आहे मला.

आता गफ्फारभाई. जवाहर गेटाच्या आत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, रुंदी इतकी की आत दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं बाहेरून बोलायचं. मोबाइल आले, मनगटं मोकळी झाली, आणि दुकानात माणसांपेक्षा शांतता जास्त येऊ लागली. त्याच सुमारास ही वाईट वर्षं सुरू झाली. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यायचं, आणि कशासाठी यायचं ते इथे कोणाला सांगायला नको. मी त्यात शिरत नाही, माझी तेवढी ताकद नाही. मला फक्त इतकं दिसलं, की घरं आवरायला लागली. कोणी पुण्याला निघालं, कोणी सुरतेला. निघताना माळा रिकामा होई, आणि तांब्या-पितळेबरोबर ही मोडकी मोटार भंगाराच्या गोणीत जाई. गफ्फारभाई घड्याळांचे भाग शोधायला भंगारवाल्याकडे जायचे. तिथून त्यांनी पहिली गाडी उचलली. दोन हजार एक साल.

मी दोन हजार दोनमध्ये निवृत्त झालो. त्याच आठवड्यात घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो, तर हे डोळ्याला भिंग लावून गाडीच्या पोटात बघताहेत. मी विचारलं, काय करून राहिले? म्हणाले, “मास्तर, बसा. हे पाहा, कोन्या गाढवानं गाडी जोडली हाय ते.” मी बसलो. तेव्हापासून प्रत्येक रविवारी बसलो.

त्यांची पद्धत सांगतो. वाईट जोडलेली गाडी नीट करायची म्हणजे आधी ती मोडायची, पण असं मोडायची की काहीच तुटू नये. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली की जुना रंग सुटतो. त्यासाठी भाभींचा स्टीलचा डबा दुकानात आला, तो परत घरी गेलेला नाही. भाभी, तो डबा त्या पेटीच्या खाली आहे, आज घेऊन जा, पण त्यात आता पीठ ठेवू नका. मग गाडी बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. थंडीनं गोंद ठिसूळ होतो आणि सांधा हळूच उकलतो. हे सांगायला सोपं आहे. इकडे रोज बारा-बारा तास भारनियमन! गाडी गारठायच्या आत लाइट जायची. भाभी फ्रिज उघडून ओरडायच्या, “या खिम्यावर मोटार कोनं ठेवली?” गफ्फारभाई शांतपणे सांगायचे, “राहू दे, तिले थंडी पायजे.”

आणि त्यानंतर चाकं. त्यासाठी त्यांच्याकडे एक करवत आहे, केसाएवढ्या दातांची, घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगपासून त्यांनीच घासून केलेली. ती चाक आणि दांडीच्या मधल्या गोंदात घालायची आणि धीरानं चालवायची. एका चाकाला एक तास. चार चाकांना अख्खा रविवार. पहिल्या महिन्यातच ते मला म्हणाले, “मास्तर, तुमी शिकलेले माणूस. एक सांगा मले. एखादा चुकते, दोघं चुकतात. पन सगळ्या वऱ्हाडानं एकच गलती कशी काय केली?”

मी म्हणालो, कोण जाणे.

बंधुभगिनींनो, मला माहीत होतं.

(वर्षाली, चिठ्ठी नको पाठवूस. दिसतंय मला घड्याळ.)

मला माहीत होतं, कारण त्र्याऐंशी साली खुशालराव ती खोकी घेऊन आले तेव्हा ते शाळेत माझ्याकडे आले होते. म्हणाले, “मास्तर, यातला कागद कोनाले समजत नाही. तुमी मराठीत एक कागद काहाडून द्या, चित्रं टाकून. प्रत्येक खोक्यात एक घालतो.” खुशालराव, आठवतं? अध्यक्ष मान हलवताहेत, पण त्यांना ऐकू कमी येतं, ते सौजन्यानं हलवत असावेत. तर मी कागद केला. स्टेन्सिलवर हातानं चित्रं काढली, अकरा पायऱ्या लिहिल्या, शाळेच्या यंत्रावर दोनशे चाळीस प्रती फिरवल्या. खाली नाव घातलं नाही. तेव्हा विनय म्हणून घातलं नाही, पुढे त्याचा फार उपयोग झाला.

मूळ परदेशी कागदात जिथे गोंद लावायचा तिथे एक बारीक थेंब काढलेला होता. दाराला थेंब, छपराला थेंब, सीटला थेंब. फक्त चाकांच्या दांडीपाशी थेंब नव्हता. आता, जो माणूस गाडी जोडून बघेल त्याला कळेल की तिथे गोंद नकोच आहे. मी जोडून पाहिली नाही. मला एक खोकं भेट मिळालं होतं, ते मी तसंच भाच्याला देऊन टाकलं. मी नुसता कागद पाहिला आणि मला वाटलं, छापणाऱ्याची चूक झाली, थेंब राहून गेला. मास्तर माणूस! दुसऱ्याच्या कागदात चूक दिसली की आमचा हात शिवशिवतो. मी ती चूक सुधारली. पायरी चौथी, माझे शब्द आजही पाठ आहेत : ‘मागच्या चाकांची दांडी बसवून दोन्ही टोकांना भरपूर गोंद लावावा, म्हणजे चाके निखळणार नाहीत.’ पायरी सातवी : ‘पुढील चाकांनाही वरीलप्रमाणे.’

वरीलप्रमाणे! एका वाक्यात मी दोनशे चाळीस गाड्या थांबवल्या.

पुष्कळांना हसू येतंय. इथवर मलाही येतं. इतकंच असतं तर मी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं असतं, गफ्फारभाईंनी दोन शिव्या घातल्या असत्या, आणि आज मी पेटी घेऊन टाळ्यांमध्ये घरी गेलो असतो. पण मी पहिल्या रविवारी सांगितलं नाही, कारण लाज वाटली. दुसऱ्या रविवारी सांगितलं नाही, कारण पहिल्या रविवारी सांगितलं नव्हतं. पुढचं तुम्ही जाणता. मी निमूटपणे भिंग लावून माझाच गोंद खरवडत बसलो, आणि गफ्फारभाई लोकांना सांगत राहिले की मास्तरांएवढा धीर कोणात नाही.

आता दोन हजार पाच. आमचे सहदेव आणि माणिकबाई मागे बसले आहेत. उभे राहा, सहदेवभाऊ. अंजनगाव सुर्जीकडे यांचा पानमळा होता, तो गेला, आता भाजीपाला करतात. आज येताना सत्काराला हार आणायचा सोडून कारल्याची टोपली घेऊन आले आहेत, आणि मला विचाराल तर तेच बरं. त्या वर्षी हे शाळेत असताना जोडलेली गाडी घेऊन दुकानात आले. खोक्यासकट. गफ्फारभाई म्हणाले, एवढ्या लांबून यासाठी आले? तेव्हा सहदेवभाऊ जे बोलले ते मी विसरलो नाही. म्हणाले, “चाचा, विहिरीवरची मोटर जळाली. टीव्ही बंद पडला. लाइटीचा तर पत्ताच नाही. घरात एक तरी चीज चालली पायजे न. हे चालू करून द्या.”

बसा, भाऊ. गाडी चालू करून दिली आम्ही, आठवड्यात दिली. पण त्या दिवशी दुसरं काय घडलं ते तुम्हालाही माहीत नाही. त्या रिकाम्या खोक्यात माणिकबाईंनी दोडक्याचं बी ठेवलेलं होतं. मी बी एका रुमालात काढून घेतलं आणि तळाशी अंथरलेला कागद दिसला. पिवळा पडलेला. माझं अक्षर, माझी चित्रं. गफ्फारभाई पाठमोरे होते. मी तो कागद चौपदरी घडी करून खिशात घातला.

आणि त्याच दुपारी... हाजराभाभी, आता मी तुमच्या घरातलं बोलणार आहे. तुमची परवानगी न घेता बोलतोय. त्याच दुपारी, सहदेवभाऊंची गाडी उघडताना, गफ्फारभाईंनी मला निखतची गोष्ट सांगितली.

निखत तेव्हा बारा वर्षांची होती. वडिलांच्या मेजाशी बसून घड्याळं दुरुस्त करायची तिला आवड. मेज म्हणजे दुकानातलं ते कामाचं मेज, तिथे त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. ती मागेच लागली होती. तेव्हा यांनी खुशालरावांच्या दुकानातून एक खोकं आणलं आणि म्हणाले, हे जोडून दाखव. जमलं तर माझ्या मेजावर बसवतो. शब्द देतो. पोरीनं पंधरा दिवस खपून गाडी जोडली. हिरवी. वडिलांच्या पुढ्यात काउंटरच्या काचेवर ठेवली. वडिलांनी मागून बोट लावून ढकलली. मागची चाकं हलली नाहीत, गाडी घसरत गेली. ती म्हणाली, अब्बा, कागदात तसंच लिहिलं होतं. आणि हे म्हणाले... गफ्फारभाई, तुम्ही मला जसं सांगितलंत तसंच सांगतो. “म्या म्हटलं, एक तर हाताले सफाई नाही, वरतून झूट बोलते. कागदावर ढकलते.” त्यानंतर तिनं कधी मेजाचं नाव काढलं नाही. मेजावर पुतण्या बसला, दोन वर्षांत कंटाळून निघून गेला. निखत शिकली, अकोल्याला शिक्षिका झाली, चांगलंच झालं. पण दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही. ईदला घरी यायची, दुकानात नाही.

हे सांगून झाल्यावर यांनी भिंग काढलं. मला विचारलं, “मास्तर, या गाड्या पाहून पाहून मले आता शंका येते. पोरगी खरं बोलत असन काय? असा काही कागद होता काय?”

कागद माझ्या खिशात होता. इथे, या बाजूला. बोटांना त्याची घडी लागत होती.

मी म्हणालो, “चोवीस वर्षं झाली गफ्फारभाई...” छे, तेव्हा एकवीस झाली होती, मला हिशेबही धड करता येत नाही. म्हणालो, “आता कुठला कागद सापडणार? जाऊ द्या.”

आणि त्यांनी जाऊ दिलं. माझ्यावर विश्वास ठेवून जाऊ दिलं. तीन वर्षं झाली त्याला. सभागृहातले शिक्षक मला समजून घेतील की नाही, ठाऊक नाही. नका घेऊ. पोर खरं बोलत होती आणि तिच्या खरेपणाचा पुरावा एका मास्तरानं खिशात दाबून ठेवला, यात समजून घेण्यासारखं काय आहे?

मी बसतो थोडा. नाही, नको. बसलो तर उठणार नाही.

आता शेवटचं. व्यासपीठावर त्या टेबलावर रुमालाखाली एक वस्तू झाकून ठेवली आहे. मंडळानं ठरवलं होतं की गफ्फारभाईंना निरोपाची भेट म्हणून निखतनं जोडलेली ती हिरवी गाडी नव्यासारखी करून द्यायची. त्रेसष्ट गाड्या त्यांनी नीट केल्या, पण त्या एका गाडीला कधी हात लावला नाही. ती कपाटावर होती. भाभींनी मला गुपचूप जुन्या ओढणीत गुंडाळून दिली. गेल्या मंगळवारी मी ती घरी नेली, ब्रेक ऑइल ओतून ठेवलं. बुडवण्याआधी सवयीनं चाकांना बोट लावलं. मागची चाकं घट्ट. माझी पायरी चौथी. मग पुढच्या चाकाला बोट लावलं.

ते फिरलं.

मला वाटलं, गोंद सुटला असेल. भिंग लावलं. गोंद नव्हताच. कधी लावलेलाच नव्हता. चाक आणि दांडीच्या मध्ये एक पितळी चकती बसवलेली होती, मनगटी घड्याळातली, मोहरीएवढी. दोन्ही बाजूंना एकेक. चाक घासू नये म्हणून. चोवीस वर्षांनंतर ते चाक आवाज न करता फिरत होतं.

लक्षात येतंय का मंडळी? मागची चाकं बसवली तेव्हा तिनं माझं ऐकलं. गोंद वाळला, चाकं बसली ती बसली. आणि सातव्या पायरीपर्यंत येईतो त्या बारा वर्षांच्या पोरीला कळलं होतं की छापील कागद चुकीचा आहे. बापाच्या दुकानातल्या केरातून चकत्या वेचून तिनं आपल्या अकलेनं पुढची चाकं बसवली. त्रेसष्ट गाड्या मी पाहिल्या. वकिलाच्या पाहिल्या, इंजिनीअरच्या पाहिल्या, सगळ्यांनी निमूट ‘वरीलप्रमाणे’ केलं. एकीनं केलं नाही. आणि जिच्या हाताला सफाई नाही म्हणून मेजावर बसू दिलं नाही, ती हीच. गफ्फारभाई, तुम्ही गाडी मागून ढकललीत. पुढून बोट लावलं असतंत, तर कळलं असतं. पण तुमचा दोष मी काढणार नाही. तो कागद माझा होता, आणि तो लपवलाही मीच.

मी ती गाडी नीट केलेली नाही. मंडळाच्या सभासदांची माफी मागतो, भेट तयार नाही. ब्रेक ऑइल ओतून टाकलं. गाडी जशी होती तशी रुमालाखाली आहे.

आणि हा दुसरा कागद. हा घ्या. वर्षाली, हा निखत मॅडमना नेऊन दे. त्यांच्या वडिलांना नंतर, आधी त्यांना. बेटा, पायरी चौथी आणि पायरी सातवी वाच. तू खरं बोलली होतीस. हे चोवीस वर्षांपूर्वी तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि तीन वर्षांपूर्वी मी तरी सांगायला हवं होतं.

पेटी मी घेणार नाही. ती कोणाला द्यायची हे ठरवणारा मी कोण? तुमची पेटी, तुमचा शब्द, गफ्फारभाई. मी फक्त आठवण करून देतो की एका मेजाबद्दल तुम्ही एकदा कोणालातरी शब्द दिला होता, आणि ती परीक्षा निम्मी तरी पास झाली होती. उरलेल्या निम्म्यात नापास झालो तो मी.

रुमाल काढा. काढा ना. पुढच्या चाकाला बोट लावून बघा.

...

हं.

टाळ्या नकोत, बंधूंनो. कृपा करून टाळ्या नकोत. त्यांना बघू द्या. भाभी, तुम्ही तरी बसा. निखत, बेटा, तू उभी का तिथे? पायऱ्या डावीकडून आहेत. ये वर. अध्यक्ष महाराज, जरा खुर्ची मागे घेता का, यांना जायला वाट द्या.

मला आवरतं घ्यायला हवं, चार वाजत आले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं, कितपत ऐकू आलं ते घरी जाऊन त्यांना सांगेन, त्यांचे आभार. वाचनालयाचे आभार, सहदेवभाऊ आणि माणिकबाईंचे आभार, कारल्यांचेही. गफ्फारभाई, सहा वर्षं तुम्ही मला शेजारी बसवलंत, त्याचे आभार मानायला तोंड नाही, तरी मानतो. वक्ते शेवटी म्हणतात, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी. मला ‘असेल’ म्हणायची सोय नाही. झालं आहे, कागदावर आहे, तुमच्या हातात आहे. क्षमा करायची की नाही, ते तुम्ही बापलेक अकोल्याच्या गाडीत बसून ठरवा.

आणि निखत, मागच्या चाकांचा गोंद माझा आहे. तो काढायचं मनात आलं तर करवत पेटीत वरच्या कप्प्यात, डावीकडे, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवली आहे. दाबायची नाही. तिच्या वजनानंच तिला चालू द्यायचं. एका चाकाला एक तास लागतो. हे तुझ्या वडिलांनी मला शिकवलं, बेटा. तुझ्या जागेवर बसवून.